मिरचीचा घास

बाबा,

कुत्र्याच्या जिभेला एकदा लावलेली मिरची पुन्हा काढायची कशी, एवढंच मला तुम्हाला विचारायचं आहे. तुम्ही गेलात त्याला आता इतकी वर्षं झाली की बाळापुरात तुम्हाला चेहऱ्यानं ओळखणारं कोणी राहिलेलं नाही. वाडी विकली. तिथं आता दुसऱ्याची लिंबाची बाग आहे. तरी हा प्रश्न दुसऱ्या कोणाला विचारता येत नाही, कारण ती मिरची लावायची कशी हे मला तुमच्याकडूनच आलं. जन्मभर वर्तमानपत्राच्या डेस्कवर बसून लोकांच्या बातम्या वेळेत पानावर लावल्या, महत्त्वाचं आधी सांगायची सवय तेवढी अंगात राहिली, म्हणून आधी तेच सांगतो. घरात एक पिल्लू आहे. ते माझ्याशिवाय कोणाच्याच हातचं खात नाही. आणि ज्या एका हातानं त्याला भरवावं म्हणून ते आणलं होतं, तो हात आता मांडीवरून उचलला जात नाही. तो हात तुमच्या सुनेचा आहे.

गेल्या उन्हाळ्यात तिला झटका आला. इथं अमरावतीच्या घरात, स्वयंपाकघरात, कुरडयांचा चीक घोटताना. चाटू पातेल्यात पडल्याचा आवाज मी ऐकला, पण मला वाटलं तिनं तो ठेवला असेल, म्हणून वाचत राहिलो. वर पाहिलं तेव्हा ती भिंतीला टेकून हळूहळू खाली बसत होती. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. दवाखान्यातून घरी आल्यावर पाय थोडा परतला, धरून धरून न्हाणीपर्यंत जाते. बोलणं मात्र 'हो' आणि 'अं' यांच्या पुढे सरकलं नाही. नुसतं 'ए' म्हटलं की अख्खा वर्ग गप्प व्हायचा, अशी ती बाई. ती आता दिवसभर खिडकीशी खुर्चीत बसून असते आणि तिचा उजवा हात मांडीवर दुसऱ्या कोणाचा असावा तसा पडलेला असतो. व्यायाम करून घ्यायला एक मुलगी येते. ती मला अंगणात बोलावून म्हणाली, "काका, हात पूर्ण गेलेला नाही. हलतो तो. पण काकूंना उचलावासाच वाटत नाही. मी म्हणते म्हणून त्या उचलणार नाहीत, त्या हाताला त्यांचं स्वतःचं काहीतरी काम पाहिजे."

हे मी फोनवर पोरीला सांगितलं. ती पुण्यात असते. दिवाळीला आली ती मांडीवर टॉवेलात गुंडाळलेलं हे पिल्लू घेऊनच. गावठीच आहे, पिवळट, एक कान उभा आणि एक पडलेला. मी म्हटलं, इथं एका माणसाचं करता करता जीव जातो आणि तू हे काय आणलंस. ती म्हणाली, "बाबा, आई कोणाला खाऊ घातल्याशिवाय कधी राहिलीय का? घरात खायला कोण उरलंय आता? तुम्ही, आणि तुम्हाला तर डॉक्टरांनी सगळंच बंद केलंय." मग पिल्लू आईच्या पायांवर ठेवून तिनं जाहीर केलं की याचं नाव आई ठेवेल, आईला बोलता येईल तेव्हा. तोवर कोणी काही ठेवायचं नाही. "आणि बाबा, तुम्ही तर मुळीच नाही. तुम्ही मथळा द्याल." तुमची सून हसली. तोंडाच्या एकाच बाजूनं, पण हसली. डाव्या हाताची बोटं पिल्लाच्या पाठीवर फिरली आणि ते तिथंच तिच्या पावलांवर झोपलं.

सुरुवातीचे दिवस बरे गेले. पिल्लानं घरभर घाण करू नये म्हणून मी मागच्या पडवीत जुने पेपर अंथरायचो, आणि ते तिथं बसलं की गुळाचा खडा द्यायचो. स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी कमरेवर हात ठेवून बघत राहायच्या. म्हणायच्या, "साहेब, इतकी वर्षं लिवलं तुमी, पन पेपर खरा कामाले आता आला." 'बस' शिकलं, 'थांब' शिकलं, चपला कुरतडायचं सोडलं. तुमची सून खुर्चीतून सगळं बघायची. पिल्लू चुकलं की तिच्या गळ्यातून एक वेगळाच 'अं' यायचा, शाळेतला, आणि पिल्लू खरोखर थांबायचं. मी त्या मुलीला, व्यायामवालीला, हे सांगितलं तर ती म्हणाली, थोडा धीर धरा काका, हातही येईल.

मग मावशींनी बातमी आणली. "मागच्या गल्लीत दोन कुत्रे मेले साहेब. कोनं तरी खायाले टाकलं काईतरी. तोंडाले फेस आलता म्हनते." आमचं पिल्लू फाटकाबाहेर पडलेलं काहीही उचलायचं, येणाऱ्या-जाणाऱ्यानं हात पुढे केला की शेपटी हलवत जायचं. मला भीती बसली. पिल्लाची काळजी होतीच, पण खरी भीती ही की ते तिच्यासमोर, त्या खिडकीसमोर अंगणात तडफडून मेलं तर तिचं काय होईल. आणि मला तुम्ही आठवलात.

वाडीवरचं ते काळं कुत्रं मला अजून दिसतं, ज्याला वांग्याच्या चोरांनी मटणातून काहीतरी घातलं. तुम्ही त्याला बांधाशेजारी पुरता. अकोल्याच्या बाजाराला जायची ती पहिलीच चुकलेली खेप. सांबाराच्या, पुण्याकडे कोथिंबीर म्हणतात त्याच्या, जुड्या ओल्या पोत्याखाली तशाच पडून असतात. काही दिवसांनी तुम्ही नवं पिल्लू आणता आणि आईला सांगता, "याले आता कोनाच्याच हातचं खाऊ द्याचं नाई. फक्त माया हातचं." मला तेव्हा यातलं काही कळत नाही. मला एवढंच माहीत की पिल्लू दुपारी बाजेवर माझ्या पोटाशी झोपतं आणि माझ्या हातून भाकर खाताना बोटंही चाटतं. एका सकाळी तुम्ही मला हाक मारता, "इकडं ये बे." माझ्या हातात भाकरीचा तुकडा देता. आत ठेचा भरलेला, हिरवागार. "दे त्याले."

"मी नाई देत बाबा."

"दे म्हटलं ना."

मी दिला. माझा हात म्हणून त्यानं हुंगलंही नाही, सरळ गिळला. मग ते जे ओरडलं आणि मातीत तोंड घासत गोल गोल फिरलं, ते अजून कानात आहे. तुम्ही शांतपणे खाली बसलात, गुळात मळलेली भाकर आपल्या तळहातावर धरलीत, आणि ते रडत रडत तुमच्याकडे आलं. आईकडून तसाच ठेच्याचा एक तुकडा, शेजारच्या काकांकडून एक, पाण्याच्या पाळीवर आलेल्या माणसाकडून एक. त्यानंतर ते माझ्याशी खेळायचं, पोटाशी झोपायचं, पण मी काही खायला पुढे केलं की मान वळवायचं. मी रडलो तेव्हा तुम्ही चिडलात. "रडून काय रायला? थो जगला पायजे का तुले त्याचा लाड पायजे?" ते कुत्रं खरंच म्हातारं होऊन मेलं.

त्यानंतरचं कुत्रंही तुम्ही त्याच मिरचीवर तयार केलंत, आणि तुमची सून लग्नानंतर पहिल्यांदा वाडीवर आली तेव्हा तेच होतं. तुम्हाला आठवत असेल. चांदूर रेल्वेहून आणलेल्या शिदोरीतली करंजी तिनं त्याच्यापुढे धरली, त्यानं वास घेतला आणि तोंड फिरवलं. वाडीवरच्या बाया हसल्या. ती कानापर्यंत लाल झाली. तुम्ही म्हणालात, "वाईट नोका वाटून घेऊ सूनबाई. थो कोनाच्याच हातचं नाई खात."

"कावून मामाजी?"

मग तुम्ही तिला सगळं सांगितलंत, ठेच्यापासून गुळापर्यंत, चांगलं रंगवून. आम्ही कधी तुम्हाला इतकं बोलताना पाहिलं नव्हतं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि डोक्यावरचा पदर सारखा करत विचारलं, "मंग तुमी पडले एखाद्या दिवशी आजारी, तं त्याले जेवू कोन घालन?" आई पदरात तोंड घालून हसत होती. शेवटी तुम्हीच म्हणालात, "चांदूर रेल्वेची हाये ना, शिट्टी न वाजवताच येते गाडी." त्या दिवशी निघताना वांग्यांची पिशवी तुम्ही माझ्या हातात न देता तिच्या हातात दिलीत. पुढे आम्ही अकोल्यात भाड्याच्या खोलीत राहायला आलो, तेव्हा बाजार आटोपला की तुम्ही दारात उभे राहायचात, उरलेल्यातली म्हणून चांगली भाजी घेऊन. मी बातम्यांच्या गडबडीत नसायचोच. चहा तुम्ही तिच्याच हातचा प्यायचात.

म्हणजे तिला सगळं माहीत होतं, बाबा. हे मी विसरलो.

गुळाचे खडे मी देतच होतो, त्यामुळे माझा हात आधीच गोड होता. मावशींकडून ठेच्याचा पहिला घास देववला. त्या म्हणाल्या, "माया हातानं कावून पाप करून घेता साहेब?" पण दिला. मग दूधवाल्याकडून, सिलिंडरवाल्याकडून, शेजारच्यांकडून. पिल्लू हुशार निघालं, फार वेळ लागला नाही. तिच्या हातात मी मिरची कधीही दिली नाही, याची काळजी घेतली. मला वाटलं, ती घरची आहे हे पिल्लाला कळतं. पण त्या दिवसांत तिचा हात मांडीवरून हललेलाच नव्हता. डाव्यानं ती त्याला नुसतं कुरवाळायची; तिच्या हातून खायला काही मिळतं हे त्याला माहीतच नव्हतं. ते जे शिकलं ते एवढंच की हा एक माणूस, आणि बाकी सगळे तिखट. मी अंगणात हे करत असताना ती खिडकीतून बघत होती. एकदा ती जोरजोरात 'अं, अं' करायला लागली, डावा हात खुर्चीवर आपटत. मी धावत आत गेलो आणि तिला पाणी दिलं. तिनं पेला दूर लोटला. मला वाटलं पाणी कोमट लागलं असेल, म्हणून माठातलं आणलं.

संक्रांतीच्या सुमाराची ती दुपार होती. मावशींनी ताट तिच्यापुढे ठेवलं होतं. ती डाव्या हातानं जेवते. मी समोरच बसलो होतो, पिल्लू दोघांच्या मध्ये. तिनं गुळाच्या पोळीचा तुकडा मोडला आणि तो मांडीवरच्या उजव्या हाताच्या तळव्यात ठेवला. मला काही कळायच्या आत तो हात उठला. थरथरत, गुडघ्याच्या वर आला, पुढे झाला. इतक्या महिन्यांत तो हात तिनं स्वतःहून उचललेला मी पाहिला नव्हता. पिल्लू शेपटी हलवत उठलं, जवळ गेलं, पोळीचा वास घेतला. मग त्याचे कान मागे गेले, ते दोन पावलं सरकलं आणि येऊन माझ्या पायाशी बसलं. तिचा हात तसाच राहिला थोडा वेळ. मग तुकडा खाली पडला आणि पाठोपाठ हातही.

त्यानंतर मी काय काय केलं ते सांगतो, म्हणजे यातलं काय चुकलं हे तुम्हाला कळेल. जनावरांच्या डॉक्टरकडे गेलो. ते म्हणाले, बसवलेली भीती निघते, पण भीतीच्याच मर्जीनं निघते. थोडं उपाशी ठेवून बघा, लहान आहे, फार ताणू नका. ठेवलं. भुकेनं लाळ गळत ते तिच्यासमोर बसून राहिलं आणि तिच्या तळव्यातली पोळी त्यानं घेतली नाही. मी तुकडा तिच्या हातावर ठेवायचो आणि लहान मुलाला म्हणतात तसं म्हणायचो, एकदा, फक्त एकदा. आधी ती हात थोडा उचलायची. मग कमी. मग नुसती माझ्याकडे बघायची. आणि पिल्लाचा तिच्यावर जीव आहे, हे त्यातलं सगळ्यात वाईट. दिवसभर तिच्या पायांवर पडून असतं, ती न्हाणीत गेली की दाराशी कुंई कुंई करतं. मावशी कपाळावर हात मारून घेतात. "पायाशी जीव टाकते अन् हातचं खात नाई! हे कसं जनावर व माय!"

तुम्ही गेल्यावर वाडीवरच्या कुत्र्याचं काय झालं, हे तुम्हाला कळायला मार्ग नव्हता. आईनं तुमचा खांद्यावरचा दुपट्टा हाताला गुंडाळला आणि भाकर पुढे केली, तेव्हा त्यानं खाल्ली. काही दिवस तसं चाललं. मग मळला म्हणून आईनं तो दुपट्टा धुतला. सवयीनं, कपड्यांबरोबर. त्यानंतर त्यानं तोंड लावलं नाही, आणि एका सकाळी ते वाडीवर नव्हतं. नदीच्या बाजूला गेलेलं कोणी तरी पाहिलं, एवढंच. मला हे आठवलं, पण त्यातलं दुपट्ट्यापुरतंच आठवलं असं म्हणावं लागेल. मी माझा वापरलेला रुमाल तिच्या उजव्या हाताला बांधला, वर पोळी ठेवली, खालून माझ्या हाताचा आधार दिला. पिल्लू आलं, रुमालाचा वास घेतला आणि खाल्लं. सगळं खाल्लं, रुमालही चाटला. मी ओरडलोच, "बघ, खाल्लं ना! तुझ्या हातचं खाल्लं!"

ती रुमालाकडे बघत होती. डाव्या हातानं तिनं गाठ ओढून सोडवली. बराच वेळ लागला, मी मदत करायला गेलो तर तिनं खांद्यानं मला बाजूला केलं. रुमाल माझ्या गुडघ्यावर ठेवला. आणि बोलली.

"तुमीच द्या."

झटक्यानंतर तिच्या तोंडून आलेले हे पहिले पुरते शब्द. शाळेतली तिची स्वच्छ भाषा नव्हती ती, चांदूरच्या घरातली होती, पण एकेक अक्षर नीट कळलं. पोरगी रोज फोनवर पहिला प्रश्न हाच विचारते, आई काही बोलली का? मी अजून तिला नाही म्हणूनच सांगतो. बोलली म्हटलं तर काय बोलली ते सांगावं लागेल. त्या दिवसापासून हात उठलेला नाही. व्यायामवाली मुलगी तो हातात घेऊन म्हणाली, "काकू, मधे तर छान येत होता, काय झालं?" तुमच्या सुनेनं डोळे मिटून घेतले. पिल्लू आता पिल्लू राहिलं नाही, चांगलं उंच झालं, अजून बिननावाचं आहे. मी त्याला मागच्या पडवीत नेऊन खायला घालतो, दार लोटून. दारामागून तिला त्याचं खाणं ऐकू येत असणार.

उपाय तुमच्याकडेही नसावा, हे लिहिता लिहिता माझ्या लक्षात आलं आहे. तुम्ही मिरची कधी काढलीच नाहीत. तुम्हाला कुत्रं जिवंत हवं होतं आणि ते राहिलं. माझंही राहिलं आहे. मागच्या गल्लीत अजून एक मेलं, आमचं धडधाकट आहे, कोणी फाटकाबाहेर काही टाकलं तरी ढुंकून पाहत नाही. हे सांगायला मला कोणी मिळत नाही, म्हणून तुम्हाला लिहायला बसलो. पण हा कागद घरात ठेवता येणार नाही. तिचे डोळे चांगले आहेत, अक्षर लागतं, टेबलावर पडलेलं सगळं ती वाचते, आणि पुढच्या दोन ओळी तिच्या नजरेला पडू नयेत असं मला वाटतं.

त्या दुपारी पिल्लू तिच्या हातापासून मागे सरून माझ्या पायाशी आलं तेव्हा, सगळं कळायच्या आधी, क्षणभर मला बरं वाटलं होतं. नुसतं बरं नाही, छाती भरून आली होती. इतक्या जवळच्या माणसाच्या हातातला गूळ सोडून ते माझ्याकडे आलं होतं. चेहऱ्यावरून ते किती वेळात उतरलं, मला सांगता येणार नाही. मी वर पाहिलं तेव्हा पोळीचा तुकडा अजून तिच्या हातात होता, आणि ती पिल्लाकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती.